भाव बोंबलून, मत झाकून

डिसेंबर लागला की नागपूरले दोन गोष्टी चढत. एक संत्रं अन् दुसरी विधानसभा. इकडं संत्रा मार्केटात पेट्यांच्या थप्प्या, तिकडं सिव्हिल लाइनीत मंत्र्यांच्या गाड्यांच्या रांगा. संत्रं गोड निघालं तं कोणी काही बोलत नव्हतं, पण एखाद्या मंत्र्याचं भाषण आंबट निघालं तं ते पानठेल्यावर दोन दिवस पुरे.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात यात तिसरी गोष्ट येऊन बसली. घासलेट. म्हणजे नसलेलं घासलेट. तिकडं दूर अरबस्तानात कोणी तेलाचा नळ पिळून बंद केला, अन् इकडं आपल्या गल्लीतल्या बाया डबे घेऊन रांगेत भांडू लागल्या. कोणाले समजे ना की त्या नळाचा अन् आपल्या स्टोव्हचा संबंध काय.

समजे फक्त आठवीतल्या पोट्ट्यायले. काहून का त्यायले प्रेमिलाबाई शिकवे.

मार्केटाच्या मागंच एक शाळा होती. वरून टीन, खालून धूळ, अन् वर्गात बसलं की संत्र्याचा वास. पोट्टे सगळे मार्केटातलेच. कोणाचा बाप हमाल, कोणाचा पेट्या ठोकणारा, कोणाची माय पेंढा भरणारी. तिथं प्रेमिला गजभिये नावाची नवी मास्तरीण आली. इंदोरा वस्तीतली पोरगी, वय तेवीस, आवाज असा की खडू नसला तरी चाले. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या गर्दीत ती बापाच्या खांद्यावर बसून होती. तिच्या घरी फळीवर एकच पुस्तक, घटनेचं. बाप गिरणीतून आला की हात धुवे अन् मगच त्याले हात लावे. ते पाहत वाढलेल्या पोरीले दुनियेत दोनच गोष्टी शिकवायच्या होत्या. नागरिकशास्त्र अन् अर्थशास्त्र. राज्य कोण चालवते, भाव कोण ठरवते, अन् त्यात आपला हात कुठं पुरते.

पण हेडमास्तर होते महादेवराव. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, अन् डोक्यात सगळं खणाखणानं ठेवलेलं.

"प्रेमिलाबाई," त्यायनं तिले हापिसात बोलावलं, "नागरिकशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे. राज्यपालाचे अधिकार पाठ झाले, की झालं."

"अन् समजले नाही तं, सर?"

"समजून काय करायचं आहे? तुमच्या वर्गातल्या कोणाला राज्यपाल व्हायचंय का?"

"बळीराम म्हणते व्हायचंय."

"बळीराम सहामाहीत नापास आहे."

"म्हणून तं तो म्हणते, परीक्षा नसलेली नोकरी पाहिजे."

महादेवराव हसले नाही. ते शाळेत हसत नव्हते, घरचं माहीत नाही. त्यायनं टेबलावर एक किल्ली ठेवली. लोखंडी कपाटाची. शिवण शिकवणाऱ्या यमुताई रिटायर झाल्यापासून शिवणकामाचं ते कपाट बंद होतं.

"उद्या शुक्रवारी शाळा तपासायला डिप्टी साहेब येत आहेत. तुमचा आठवीचा तास ते पाहतील. त्यांना पटलं तर विषय तुमच्याकडे राहील. नाही पटलं तर सोमवारपासून नागरिकशास्त्र गिरिधर मास्तरांकडे, अन् ही किल्ली तुमच्याकडे. बाईमाणसाला शिवण शोभतं."

प्रेमिलाबाईनं किल्लीकडं पाहिलं. किल्लीनं तिच्याकडं पाहिलं. अन् बाई तरातरा वर्गात गेली.

वर्गात त्या वेळी जगाची विधानसभा भरली होती. शहरात मंत्री आले म्हणून पोट्टे चार दिवसांपासून हाच खेळ मागत, म्हणून बाईनं म्हटलं, खेळायचंच तं मोठं खेळू. एकेकाले एकेक देश वाटून दिला. कौशल्या झाली अरबस्तान. हिचा बाप मार्केटात हमाल, अन् पोरीचं तोंड असं की बापाच्या डोक्यावरची पेटी बोलून उतरवून ठेवेल. चारुलता झाली अमेरिका. ही मार्तंडराव अडत्याची लेक. बापाची अडत मोठी, वर्गातल्या अर्ध्या पोट्ट्यायचे बाप त्याच्याकडंच कामाले. अन् बळीरामच्या वाट्याले आला भारत.

ठराव फळ्यावर लिहिला होता. 'ज्याच्या जमिनीत तेल, भाव ठरवायचा हक्क त्याचा.'

"आमच्या जमिनीतलं तेल," कौशल्या बेंचावर चढून म्हणे, "आतापर्यंत तुम्ही भाव सांगत अन् आम्ही माना हलवत. आता आम्ही सांगू. घ्यायचं तं घ्या."

"विहिरी कोणी खणल्या? यंत्रं कोणाची?" चारुलता काही कमी नव्हती. "आम्ही नसतो तं तुम्ही तेलावर उंटच चारत बसले असते!"

"उंट तेलावर चरते का वं? वाळूवर चरते."

"वाळू खाते का उंट?"

"सभापती बाई, उंटाचा प्रश्न वेगळा घ्या," बळीराम उठला. "भारताचं म्हणणं ऐका. भारताच्या घरी दोन दिवसांपासून स्टोव्ह बंद आहे. भारताची माय काड्या जाळून चहा करते. भारत कोणाकडून बोलन? तेल महाग झालं तं आमचं मरण. पण जमीनवाल्याचा हक्क नाही म्हणलं तं उद्या आमच्या जमिनीचं काय?"

प्रेमिलाबाईचे डोळे चमकले. अबे, हा तोच पोट्टा ज्याले राज्यपालाचा एक अधिकार सांगता येत नव्हता!

तेवढ्यात कौशल्यानं बार उडवला. "दूर कायले जाता? माझ्या मामाचं संत्रं काटोलहून येते. झाड त्याचं, पाणी त्याचं, अन् भाव कोण ठरवते? हिचा बाप!"

वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातून गिरिधर मास्तरनं भिंतीवर डस्टर आपटलं. चारुलताचं तोंड लाल झालं.

"मत घ्या, मत घ्या!" पोट्टे ओरडले.

बाईनं म्हटलं, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

कौशल्याचा हात वर गेला. एकटीचा. बळीरामचा अर्धा निघाला होता, पण त्यानं चारुलताकडं पाहिलं अन् हातानं डोकं खाजवलं. बाकीच्यायनं तं डोकं बी नाही खाजवलं. "विरोधात?" म्हणताच चारुलताचा हात उठला, अन् त्याच्यामागं सगळे हात असे उठले जसं कोणी एकच दोर ओढला.

प्रेमिलाबाई समजली. ही अमेरिकेची भीती नव्हती. संध्याकाळी घरी बाप विचारील, सेठच्या पोरीच्या विरोधात हात काहून उचलला, त्याची भीती होती. अन् आतापर्यंत हेच सगळे भांडत होते!

"हे मत नाही झालं," ती म्हणाली. "हे तं हजेरी झाली. उद्या पुन्हा घेऊ, अन् असं घेऊ का कोणाचं मत कोणाले दिसलं नाही पाहिजे. कसं घ्यायचं ते तुम्हीच ठरवून या. मी नाही सांगणार. हाच तुमचा अभ्यास."

घंटा झाली. आता तुम्ही म्हणाल, बाईनं मतपेटीचं सांगून टाकायचं होतं. हौ, टाकायचं होतं. पण तिले वाटलं, पोट्टे निवडणुका पाहतातच, मतपेटी घेऊनच येतील. इथंच ती चुकली. पोट्ट्यायनं निवडणूक पाहिली होती एकदा का दोनदा. मार्केट पाहत रोज.

शुक्रवारी डिप्टी साहेब आले. भरलेलं अंग, बारीक मिशी, हातात छत्री, डिसेंबरात कायले ते त्यायलेच माहीत. आल्याबरोबर महादेवरावनं त्यायले चहात अडकवलं. प्रेमिलाबाई स्वागताले दारात उभी. सगळे मिळून आठवीकडं निघाले तं वर्गातून आवाज नाही. महादेवराव बी चकित झाले. आठवी अन् चूप?

दार लोटलं. पाहते तं काय! बेंच सगळे भिंतीले. मधात चादर अंथरलेली. चादरीवर कौशल्या मांडी घालून बसली, डोक्याले बापाचं मुंडासं, अन् उजव्या हातावर टाकलेला भल्ला मोठा लाल रुमाल. पोट्टे एकेक येऊन उकिडवे बसत, रुमालाखाली हात घालत, बोटं दाबत, डोळा मारत अन् उठून जात. मधूनच कोणी हळूच म्हणे, "घेतलं!"

महादेवरावची टोपी कपाळावर आली. "सट्टा! शाळेत सट्टा!"

 प्रेमिलाबाईच्या डोळ्यापुढं कपाटाची किल्ली नाचू लागली.

"सट्टा नाही, सर," बळीराम अदबीनं म्हणाला, "जगाची विधानसभा आहे. मतदान चालू आहे. चपला बाहेर काढा."

आता ज्यायनं त्या काळचं मार्केट पाहिलं नाही त्यायले सांगतो. माल आला की दलाल, म्हणजे अडत्या, हातावर रुमाल टाकून बसे. व्यापारी एकेक येऊन रुमालाखाली त्याची बोटं दाबत. कोणतं बोट किती वेळा दाबलं, त्यावरून भाव. बोलायचं कोणी नाही. कोणाचा भाव किती ते फक्त दलालाले माहीत. ज्याचा माल तो शेतकरी बाजूले बसून रुमाल हलताना पाहत राहे. कायद्यानं ही तऱ्हा बंद झाली म्हणत, पण रुमाल काही लोकायच्या खिशातून गेला नव्हता. अन् बाईनं सांगितलं, कोणाचं कोणाले दिसू नये. मार्केटातल्या लेकरायले तं एकच जागा ठावी होती जिथं काही दिसत नाही. रुमालाखाली!

"अंगठा दाबला तं 'हो', करंगळी दाबली तं 'नाही'," कौशल्यानं डिप्टी साहेबायले समजावलं अन् मुंडासं सारखं करून उठली. "झालं मतदान. ठराव पास!"

"कशावरून पास?" चारुलता तडकली.

"माझी बोटं सांगतात."

"तुझ्या बोटायले कोण विचारते वं? तूच अरबस्तान, तूच दलाल! कोणी काय दाबलं ते तुले एकटीलेच माहीत. तू म्हणशील तेच आम्ही मानावं का?"

 कौशल्याच्या तोंडावर असं हसू पसरलं, जसं पेटी उघडल्यावर वरचंच संत्रं मोठं निघावं.

"हेच, चारू! हेच तं माझा मामा म्हणते तुझ्या बापाले!"

  सगळ्यायले वाटलं, आता चारुलता रडन नाही तं घरी जाईन. पण पोरगी अडत्याची होती, हिशोबाले पक्की. तिच्या डोक्यात कायतरी फिरलं, अन् ती अशी ओरडली की बाहेर लिंबावरचे कावळे उडाले.

"मग भाव झाकून घेतातच काहून? भाव तं बोंबलून घ्यायले पाहिजे! ज्याचा माल त्याच्या कानावर पडला पाहिजे!"

"अन् मत झाकून!" बळीराम ओरडला. "असं झाकून का घेणाऱ्याले बी कळलं नाही पाहिजे!"

"भाव बोंबलून, मत झाकून!"

"भाव बोंबलून, मत झाकून!" सगळा वर्ग नाचू लागला. आपण उलटं केलं, मार्केट बी उलटं करते, हे त्यायचं त्यायलेच सापडलं होतं. प्रेमिलाबाईले वाटलं, आता किल्ली भेटो का कुलूप. हा तास कोणी परत घेऊ शकत नाही. तिनं टेबलावर हात आपटला. "तं मग सांगा, झाकायचं कसं?"

"पेट्या!" चारुलता म्हणाली. "दोन पेट्या."

कौशल्याचं डोकं बी तिथंच पोहोचलं. "खाली पेंढा टाकू. काही टाकलं तं आवाज नाही यायचा."

व्हरांड्यात संत्र्याच्या रिकाम्या पेट्या होत्याच, शाळेचं अर्धं फर्निचर त्यायचंच होतं. दोन पोट्टे धावले. पोरींनी खेळायचे चिंचोके काढले. एका पेटीवर 'हो', दुसरीवर 'नाही', दोन्हीवर तोच लाल रुमाल. प्रत्येकानं बंद मूठ घेऊन यायचं, दोन्ही हात दोन्ही पेट्यांत घालायचे, चिंचोका एकीतच सोडायचा. मूठ कुठं उघडली ते देवाले बी नाही दिसायचं.

एकेक जाऊन आला. बळीराम तं असा छाती काढून गेला जसा खराच देश घेऊन चालला. पेट्या उपड्या केल्या तं ठराव पास, पण 'नाही'च्या पेटीतून बी चांगले मूठभर चिंचोके निघाले. कोणाचे ते कोणालेच माहीत नाही.

"हारली," चारुलता म्हणाली. "पण आता खरी हारली. काल मी खोटी जिंकली होती."

डिप्टी साहेब इतक्या वेळ कोपऱ्यात छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते पुढं आले अन् चक्क त्या चादरीवर बसले. पँटाची घडी गेली तं गेली.

"पोरी, तो रुमाल टाक बरं तुझ्या हातावर."

कौशल्यानं टाकला. साहेबायनं आत हात घातला अन् कौशल्याचं बोट धरलं. तोंडावर असा आनंद जसा लेकराले जत्रेत पाळणा भेटला.

"मी काटोलचा," ते म्हणाले, अन् त्यायची शहरी भाषा अर्ध्या रस्त्यात गळून पडली. "बापासंगं बैलबंडीवर बसून मार्केटात येत होतो. रुमाल हले. मी विचारे, बाबा, आत काय बोलून राहिले? बाबा म्हणे, चूप राह्य, तेच सांगतील. आज पहिल्यांदा हात आत गेला माझा!"

"मग काय सापडलं, साहेब?" बळीरामनं विचारलं.

"काही नाही गा. बोट सापडलं!" अन् साहेब पोट धरून हसले. महादेवराव सोडून सगळे हसले.

"साहेब," महादेवराव घसा साफ करत म्हणाले, "वर्गात शिस्त राहिली नाही हे आपण पाहिलंच. माझा विचार असा की हा विषय गिरिधर मास्तरांकडे द्यावा, अन् बाईंना शिवणकाम. सगळ्या मास्तरांचंही हेच मत आहे."

"सगळ्यायचं? तुम्ही विचारलं?"

"सभा घेतली. सर्वांनी हात वर केले."

डिप्टी साहेबायनं कौशल्याकडं पाहिलं. कौशल्यानं पेट्यांकडं पाहिलं. झालं!

"मी हुकूम देऊ शकतो," साहेब उठत म्हणाले. "पण आताच या लेकरायनं जे शिकवलं ते मी व्हरांड्यापर्यंत बी नेलं नाही, तं माझ्या नोकरीत काय अर्थ? त्या पेट्या मास्तरांच्या खोलीत घ्या. सगळे मास्तर चिंचोका टाकतील. हेडमास्तर, तुम्ही बी. प्रेमिलाबाईकडं विषय ठेवायचा का, हो का नाही. जे निघल ते मी लिहून जाईन."

"मी?" प्रेमिलाबाईनं विचारलं.

"तुमचाच प्रश्न आहे. तुम्ही बाहेर थांबा."

मग बाई बाहेर थांबली. आठवी सगळी तिच्याभोवती खिडकीले चिकटली. आत एकेक मास्तर जाताना दिसे. चित्रकलेचे मास्तर, पी.टी.वाले, गणिताच्या शोभाताई. हात रुमालाखाली जाई, बाहेर येई. तोंडावरून काही कळे ना. गिरिधर मास्तर गेले तेव्हा पोट्टे टाचा उंच करून पाहू लागले. शेवटी महादेवराव टोपी सारखी करून गेले अन् इतका वेळ हात आत ठेवला की बळीराम म्हणाला, "भाव करून राहिले का काय?"

"चूप रे," बाई म्हणाली, पण तिची नजर बी पेट्यांवरून हलत नव्हती. कौशल्यानं बाईचा एक हात धरला, चारुलतानं दुसरा.

साहेबायनं आधी 'नाही'ची पेटी उचलली अन् उपडी केली. पेंढा पडला. साहेबायनं पेटी ठोकली. पुन्हा पेंढा पडला. गिरिधर मास्तर वाकून पेंढ्यात हात फिरवू लागले, अन् वर पाहून म्हणाले, "यात काहीच नाही, साहेब. अन् मी आताच सांगून टाकतो, ती आठवी मले नकोच होती. सभेत हात वर गेला तो सवयीनं गेला."

'हो'ची पेटी उपडी झाली अन् चिंचोके टेबलावरून खाली फरशीवर नाचत गेले.

खिडकीतून असा कल्ला उठला की मार्केटातले हमाल पेट्या खाली ठेवून पाहू लागले. कौशल्यानं मुंडासं हवेत फेकलं. चारुलतानं बाईच्या गळ्याले मिठी मारली. बळीराम बोंबलला, "भारताकडून अभिनंदन!"

पण प्रेमिलाबाईच्या मनात एकच गोष्ट अडकली. सगळे मास्तर म्हणजे सगळे. अन् 'नाही'ची पेटी रिकामी. म्हणजे...

ती दारात आली. महादेवराव तिथंच उभे, बंद गळ्याच्या कोटाच्या बाहीले पेंढ्याची एक काडी चिकटलेली. बाई त्यायच्याकडं पाहतच राहिली.

"माझ्याकडे काय पाहता?" महादेवराव गुरगुरले. "मत गुप्त असतं."

अन् बाईले द्यायले आणलेली ती कपाटाची किल्ली परत खिशात टाकत ते हापिसाकडं चालू लागले. पाठमोरे होते, तरी टोपी हलताना दिसली. बळीराम आजही शपथ घेऊन सांगते, ते हसत होते.